‘एवढी कायनं थकतं वं तू?’

हा प्रश्न तुम्ही ऐकला असेलच. कॉलेजमधून येऊन बॅग टाकली, पलंगावर आडव्या झालात की स्वयंपाकघरातून तो येतो. मुलांनाही सुटका नाही, त्यांच्यासाठी ‘वं’च्या जागी ‘बे’ येतो. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. ‘आमी तुह्या एवढ्या होतो तं वावरातून येऊन भाकरी थापो’ हे पुढचं वाक्य आधीच तयार असतं.

टोमणा क्षणभर बाजूला ठेवा आणि शब्दांकडे पाहा. कायनं, म्हणजे कशामुळे. महिनोन्महिने थकलेल्या माणसाला डॉक्टरने सगळ्यात आधी हेच विचारायला हवं, आणि त्याने स्वतःलाही. माझं म्हणणं एवढंच आहे की लांबलेल्या थकव्याला कारण असतं, ते बहुतेक वेळा क्रमाने शोधता येतं आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहण्याचा तुम्हाला हक्क आहे. ‘आळशी आहेस’ हे उत्तर नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे अर्धं उत्तर आहे. आणि ‘थायरॉईडच असेल’ हा तपासाआधीच लावलेला निकाल आहे.

आधी कोणत्या थकव्याबद्दल बोलतोय ते ठरवून घेऊ. परीक्षेच्या आठवड्यात जागरण झालं, मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात बसस्टँडवर तासभर उभं राहिलात, तर कोणीही थकेल. दोन दिवस झोप काढली की तो थकवा जातो. मी म्हणतेय तो थकवा आठ तास झोपूनही जात नाही. महिना, दोन महिने, सहा महिने टिकतो. मागच्या वर्षी ज्या जिन्यावरून तुम्ही धावत जायचात, तिथे आता मधल्या पायरीवर थांबावं लागतं. एकच पान तीनदा वाचता आणि डोक्यात काही जात नाही. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते आणि वर्गशिक्षकांना काय सांगावं ते कळत नाही, कारण ताप नाही, प्लास्टर नाही, दाखवायला काहीच नाही.

अठरा ते तीस: कोणाच्याच रजिस्टरमध्ये नाही

आपल्या वयाची एक गंमत आहे, आणि ती फारशी गमतीची नाही. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी आठवते? ती १० ते १९ वयासाठीच्या योजनेतली. (ती किती जणांनी गिळली आणि किती जणांनी खिडकीतून टाकली, तो वेगळा विषय.) पुढे बीपी, शुगर अशा आजारांसाठी सरकारी तपासणी मोहीम घरापर्यंत येते ती वयाची ३० वर्षं पूर्ण झाल्यावर. मधे बाई गरोदर राहिली तर तिचं रक्त तपासलं जातं.

म्हणजे अठरा ते तीस या काळात, तुम्ही गरोदर नसाल तर, तुमच्या रक्ताची चौकशी सहसा कोणी आपणहून करत नाही. आणि नेमक्या याच वयात आपण घर सोडतो. अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा इथून अमरावतीत किंवा अकोल्यात येतो. मेसचा डबा, सकाळी नुसता चहा, दुपारी पोहे, रात्री अभ्यासिका. अकोल्यात नीटचे क्लास, अमरावतीत एमपीएससी आणि पोलीस भरतीचं ग्राउंड. थकणं हा सगळ्यांचाच नॉर्मल झालेला असतो, त्यामुळे ज्याचा थकवा नॉर्मल नाही तो गर्दीत दिसतच नाही.

थायरॉईड म्हणजे नेमकं काय

सध्या थकव्याबरोबर सगळ्यात आधी येणारा शब्द म्हणजे थायरॉईड. मैत्रिणी म्हणतात, रील्स म्हणतात, मावशी म्हणते. तो समजून घेणं गरजेचं आहे, कारण शक्यता खरी आहे. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली आणि जवळपास ११ टक्के लोकांत थायरॉईडचं काम मंदावलेलं आढळलं. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना आपल्याला हा त्रास आहे हे माहीतच नव्हतं. प्रमाण बायकांत पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं.

थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती जे हार्मोन सोडते त्यावर शरीराचा वेग ठरतो: हृदय किती जोरात चालायचं, आतडी किती हलायची, अंगात ऊब किती ठेवायची. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी तिच्यावर लक्ष ठेवते आणि टीएसएच नावाचा निरोप पाठवते.

टीएसएचचा आकडा उलटा का चालतो हे कळत नसेल तर सकाळी उठवणारी आई आठवा. पहिल्या हाकेला उठलात तर तिचा आवाज खालीच राहतो. नाही उठलात की आवाज चढतो. टीएसएच म्हणजे तो आवाज. थायरॉईड सुस्त पडली की टीएसएच वाढतो. ती गरजेपेक्षा जास्त धावायला लागली की आई गप्प होते, टीएसएच खाली जातो.

सुस्त थायरॉईडची लक्षणं: थकवा, थोडं वाढलेलं वजन, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, पाळीत जास्त रक्त जाणं, उदास वाटणं, आणि सगळे कूलरसमोर बसलेले असताना आपल्यालाच थंडी वाजणं. जास्त धावणाऱ्या थायरॉईडची उलटी: वजन उतरणं, छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप न लागणं. थकवा मात्र दोन्हींत येतो.

आता ही यादी पुन्हा वाचा. केस गळणं, उदास वाटणं, थकवा. हॉस्टेलच्या अर्ध्या मुलींना यातलं काहीतरी असतंच. म्हणून लक्षणांवरून ‘मला थायरॉईड आहे’ असं कोणी ठरवू शकत नाही, रील बनवणारा तर नाहीच. रक्त तपासावं लागतं.

रिपोर्टचा कागद वाचताना

टीएसएचसाठी उपाशीपोटी जायची गरज नसते. पण टीएसएच दिवसभरात वर-खाली होतो, त्यामुळे पुन्हा तपासताना शक्यतो त्याच लॅबमध्ये, साधारण त्याच वेळी जा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या किंवा गमी खात असाल तर ते डॉक्टरांना आणि लॅबमध्ये आधी सांगा. बायोटिनमुळे थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून तपासणीआधी काही दिवस ते बंद ठेवायला सांगतात. आपल्यापैकी किती जणी केसांसाठी ते घेतात आणि हे किती जणींना माहीत आहे?

आकडा किंचित वाढलेला आला तर घाबरू नका आणि मेडिकलमधून गोळीही आणू नका. बरेचदा डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात, सोबत फ्री टी-फोर आणि गरज वाटली तर अँटी-टीपीओ पाहतात. किंचित वाढलेला टीएसएच कित्येकदा आपोआप खाली येतो. टीएसएच १० च्या वर असेल किंवा फ्री टी-फोर कमी असेल तर उपचाराचा विचार ठामपणे होतो. मधल्या आकड्यांना काय करायचं हे वय, लक्षणं, गरोदरपणाची शक्यता यांवर ठरतं. तो निर्णय डॉक्टरांचा, पण ‘गोळी आत्ताच का, किंवा आत्ता का नको?’ हे विचारणं तुमचं काम.

आणि कोणी वजन कमी करायला थायरॉईडची गोळी सुचवली तर तिथून उठा. गरज नसताना घेतलेली ही गोळी हृदयाला महागात पडते.

थायरॉईड नॉर्मल आला. मग?

इथेच बहुतेकांचा शोध थांबतो. टीएसएच नॉर्मल आला की घरचे म्हणतात, ‘पाह्य, सांगतलं होतं ना, काही नाही तुले.’ पण टीएसएच नॉर्मल असणं म्हणजे फक्त थायरॉईड नॉर्मल असणं. बाकीचं शरीर अजून तपासायचं आहे.

आपल्या भागात थकव्याचं सगळ्यात मोठं, सगळ्यात जुनं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण रक्तात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे तो कमी होण्याऐवजी वाढला. वर्गात वीस मुली असतील तर दहा-अकरा जणी. दोघींपैकी एक थकलेली असेल तर आपल्याला तो आजार वाटत नाही, ‘मुलींचं असंच असतं’ वाटतं.

हिमोग्लोबिन मुलींत १२ च्या खाली आणि मुलांत १३ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. पण शरीरातला लोहाचा साठा त्याआधीच संपत आलेला असू शकतो. तो फेरिटिन नावाच्या तपासणीत कळतो. हिमोग्लोबिन १२.१ आलं, कागदावर नॉर्मल लिहिलं, पण साठा रिकामा, असं होऊ शकतं. पाळी सात-आठ दिवस चालत असेल, दर दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, तर ते डॉक्टरांना आकड्यांत सांगा. ‘पाळी ठीक आहे’ म्हणून मोकळ्या होऊ नका, कारण बरेचदा कारण तिथेच असतं. आणि जेवणाबरोबर चहा घेत असाल तर जेवणातलं लोह अंगी लागायला अडथळा होतो. चहा तासभर पुढे ढकला, वरणावर लिंबू पिळा.

लोहाखेरीज बी-१२ आहे. शुद्ध शाकाहारी आणि त्यात दूध-दहीही कमी, अशा मुलामुलींत ते कमी पडतं. थकव्याबरोबर हातापायांना मुंग्या येत असतील तर हे आवर्जून सांगा. सिकलसेल आहे. विदर्भात, मेळघाटापासून शहरी वस्त्यांपर्यंत, हा आनुवंशिक आजार आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सिकलसेलमुळे कमी झालेलं रक्त नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भरून येत नाही, म्हणून रक्त कमी असेल तर ते कोणत्या प्रकारचं कमी आहे हेही विचारायचं. दोन आठवड्यांहून जुना खोकला, संध्याकाळचा ताप, उतरतं वजन असेल तर टीबीची तपासणी. वारंवार तहान आणि लघवी असेल तर शुगर. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या गावांतून आला असाल, घरात कोणाला किडनीचा त्रास असेल, तर क्रिएटिनिन. डेंग्यू, चिकनगुनिया किंवा कोविड झाल्यावर थकवा मागे राहिला असेल तर तो कधीपासून, हे सांगणं महत्त्वाचं.

यातलं सगळं एकाच वेळी तपासून घ्या असं मी म्हणत नाहीये. ‘फुल बॉडी पॅकेज’च्या ऑफरमध्ये साठ-सत्तर तपासण्या असतात. त्यातल्या एक-दोन सीमारेषेवर आल्या की नवीनच घोर लागतो. डॉक्टरांनी आधी ऐकावं, हात लावून तपासावं आणि मग मोजक्या तपासण्या लिहाव्यात, हा क्रम बरोबर आहे.

‘एक बाटली लावून द्या’

आपल्याकडचा आवडता उपाय म्हणजे सलाईन. अशक्तपणा आला, एक बाटली लावली, बरं वाटलं. त्या बाटलीत काय असतं ते एकदा पाहा. अर्धा लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर. म्हणजे साधारण पाच-सहा चमचे. जुलाब-उलट्या होऊन शरीर कोरडं पडलेल्या माणसाचा जीव सलाईन वाचवतं, पण सहा महिन्यांच्या थकव्याचं कारण त्यात नाही. उलट दोन दिवस तरतरी येते आणि शोध आणखी दोन महिने लांबतो. ‘ताकदीच्या सुई’चंही तसंच. सुई घ्यायची असेल तर त्यात काय आहे आणि माझ्यात त्याची कमी आहे हे कशावरून, हे दोन प्रश्न आधी.

असंच एक फॅड मिठाचं. गुलाबी मीठ, सैंधव मीठ ‘जास्त शुद्ध’ म्हणून रोजच्या स्वयंपाकात येतंय. थायरॉईडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं आणि आपल्याला ते मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातून मिळतं. गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात १९६२ पासून आहे, तो उगाच नाही. उपवासाला सैंधव जरूर वापरा, पण रोजच्या भाजीत पाकिटावर आयोडीन लिहिलेलं मीठ हवं. उलट्या टोकालाही जाऊ नका: आयोडीनच्या गोळ्या मनाने खाल्ल्या तरी थायरॉईड बिघडू शकते.

सगळंच नॉर्मल आलं तर

असंही होतं. आणि तेव्हा ‘मग तुझ्या मनाचे खेळ आहेत’ हे ऐकावं लागतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, मन हाही शरीराचाच भाग आहे. नैराश्यात माणूस रडतोच असं नाही. कित्येकदा तो फक्त थकतो. कशातच रस वाटत नसेल, झोप उडाली असेल किंवा झोपच झोप येत असेल, तर त्याचीही तपासणी आणि उपचार असतात. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटतंय इतपत मजल गेली असेल तर आजच फोन लावा आणि घरातल्या किंवा रूमवरच्या एका माणसाला सांगा.

दुसरी, सहा महिन्यांहून जास्त टिकणारा, विश्रांतीने न जाणारा आणि थोडंसं श्रम केलं की दुसऱ्या दिवशी आडवं पाडणारा थकवा हा स्वतःच एक आजार असू शकतो. २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तो खरा, गंभीर शारीरिक आजार असल्याचं स्पष्ट म्हटलं. अशा रुग्णांना ठरलेल्या वेळापत्रकाने व्यायाम वाढवत न्यायला सांगायची पद्धत ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांनी २०२१ साली काढून टाकली. ‘ग्राउंडवर जाय, सगळं ठीक होते’ हा सल्ला प्रत्येकाला लागू नाही, एवढं तरी यातून समजावं. त्याची खात्रीशीर रक्ततपासणी अजून नाही. पण जे रक्तात सापडत नाही ते नसतंच, असं कोणी म्हटलंय?

बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीतली गोळी

माझ्या ओळखीची एक मुलगी थायरॉईडची गोळी बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीत ठेवते. रूममेट्सना कळू नये म्हणून. तिला तसं घरूनच सांगितलं आहे: ‘कोणाले सांगू नोको, उद्या सोयरीक जुळाले वांधे होतीन.’ हॉस्टेलवर सकाळी कोणी पाहत असेल तर ती गोळी घेतच नाही. मग महिन्यातून दहा-बारा दिवस बुडतात, टीएसएच पुन्हा वाढतो आणि डॉक्टर डोस वाढवतात. ज्या आजाराला एक छोटीशी गोळी पुरते, तो लपवण्यात तिची सगळी शक्ती जाते.

घरच्यांच्या भीतीला कारण नाही असं मी म्हणणार नाही. स्थळं खरोखर मोडतात. पण लपवून झालेल्या लग्नात तीच गोळी सासरी पुन्हा लपवावी लागते, आणि गरोदरपणात ती चुकली तर आईला आणि बाळाला दोघांनाही धोका. उपचार व्यवस्थित चालू असतील तर थायरॉईड असलेली मुलगी शिकू शकते, नोकरी करू शकते, आई होऊ शकते. हे बायोडाटा पाहणाऱ्यांना माहीत नसेल तर सांगायला आपण आहोत. त्यात वर्गातली मुलंही आली, कारण उद्या समोरच्या खुर्चीत तुम्हीच चहा पीत बसणार आहात.

‘एकदा सुरू केली की सवय लागते’ हीही भीती असते. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क थायरॉईड पूर्ण मंदावलेल्या एका बाईला टोचला. ती सुधारली आणि पुढे तब्बल २८ वर्षं जगली. शरीरात जे बनत नाही ते बाहेरून द्यायचं, ही तेव्हाची साधी कल्पना आजच्या गोळीतही तीच आहे. चष्म्याची सवय लागते असं आपण म्हणतो का? काहींना गोळी आयुष्यभर लागते, काहींची पुढे बंदही होते, पण बंद करायची की नाही हे तपासणीवर ठरतं, शेजारणीवर नाही.

गोळी चालू असेल तर सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि चहा अर्ध्या-एक तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवा. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा.

एक वहीचं पान

डॉक्टरांसमोर आपल्याला मिळतात पाचेक मिनिटं. ‘थकवा येतो’ म्हणालात तर टॉनिक लिहून मिळेल. म्हणून जाण्याआधी दोन आठवडे वहीच्या एका पानावर रोज दोन ओळी लिहा: किती वाजता झोपले, किती वाजता उठले, काय खाल्लं, थकवा दहापैकी किती, पाळीचे दिवस. वरच्या बाजूला लिहा, हा त्रास कधीपासून, तेव्हा काय घडलं होतं, वजन किती बदललं, घरात कोणाला थायरॉईड, शुगर, सिकलसेल आहे का, सध्या कोणत्या गोळ्या-पावडरी चालू आहेत. जिमची पावडरही त्यात आली. मग विचारा: कारण काय वाटतं? ते कशावरून तपासायचं? आणि रिपोर्ट नॉर्मल आले तर पुढची पायरी काय? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तो विचारला की दार उघडं राहतं.

पैशाची अडचण असेल तर सरकारी ओपीडी आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. अमरावतीत आपण इर्विन म्हणतो ते जिल्हा सामान्य रुग्णालय आणि डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग. शिवाय अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे. रांग असते, सकाळ जाते. कोणाला तरी सोबत न्या. दम लागणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, काळी शौच असं काही असेल तर मात्र दोन आठवडे वही लिहीत बसू नका, लगेच जा.

कॉलेजांनो, एक चिठ्ठी द्या

शेवटची गोष्ट आपल्या कॉलेजांसाठी, म्हणजे एनएसएसच्या तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीही. आपण रक्तदान शिबिरं घेतो, बॅनर लावतो, किती बाटल्या जमल्या त्याची बातमी देतो. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं. दर शिबिरात बोटाला टोचल्यावर काही मुलींना सांगतात, ‘तुमचं कमी आहे, तुम्ही नाही देऊ शकत.’ त्या लाजून बाजूला होतात. त्यांचा आकडा कुठेच लिहिला जात नाही. अठरा ते तीसच्या त्या रिकाम्या जागेत, ज्या एका दिवशी कोणीतरी त्यांचं रक्त तपासलं, त्या दिवशीही आपण त्यांना तसंच परत पाठवतो.

यात बदल करायला जीआर लागत नाही, निधी लागत नाही. एक टेबल, एक रजिस्टर आणि एक चिठ्ठी: नाव, आजचा आकडा, कुठल्या ओपीडीत जायचं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची तारीख. रजिस्टर मॅडमकडे बंद राहील, भिंतीवर यादी लागणार नाही. ज्यांना रक्त देता आलं नाही त्यांनाही एक केळ आणि बसायला खुर्ची. पहिल्या वर्षाच्या प्रवेशावेळी उंची-वजन मोजून फॉर्मवर सही करण्याऐवजी त्याच दिवशी हिमोग्लोबिन पाहिलं, तर ही चिठ्ठी जूनमध्येच हातात पडेल.

येत्या शिबिराच्या नियोजनाची बैठक तुमच्याकडे होईलच. मंडप कुठे, पाहुणे कोण, यावर तासभर चर्चा होईल. त्यात हात वर करा आणि विचारा, ‘ज्यांचं कमी येईल त्यांचं काय करायचं?’